आमच्यात सुतक पाळत नाहीत

रायपूरच्या पंडरी कापड बाजारात मी ज्या ठोक दुकानात काम करतो, तिथे रजा मागणं म्हणजे नसती डोकेदुखी. मुलगी तापानं फणफणली आहे, गावाकडे लग्न आहे, स्वतःचीच कंबर धरली आहे, कारण कोणतंही सांगा, शेठजी चष्म्याच्या वरून बघतात आणि म्हणतात, "देखते हैं." या 'देखते हैं'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे नवा माणूस पहिल्याच महिन्यात शिकतो. एका बाबतीत मात्र आमच्या दुकानाइतकं दिलदार दुकान अख्ख्या बाजारात सापडणार नाही. घरात कुणी गेलं, की तेरवी होईपर्यंत पगारी रजा. अर्ज नाही, विचारपूस नाही. वर तेरवीच्या दिवशी पागोट्याचं कापड दुकानातून घरपोच.

यात माया किती आणि भीती किती, याचा मी बरीच वर्षं विचारच केला नव्हता. आमचा सगळा माल लग्नकार्याचा. शालू, शेरवानीचं कापड, आहेराच्या साड्या. सुतकातल्या माणसाचा हात कोऱ्या कापडाला लागू नये, अशी शेठजींच्या वडिलांपासूनची रीत. म्हणून सुतकी माणूस घरी बसलेला बरा. दुकान शुद्ध राहतं आणि त्या माणसाला रडायला निवांत वेळ मिळतो. दोघांचंही भागतं, मग कोण कशाला खोलात जाईल?

तेरवी आटपून माणूस गुळगुळीत डोक्यानं परत आला, की शेठजी गादीवरून उठून त्याला जवळ घेत. आमच्याकडे टक्कल हेच रजेचं सर्टिफिकेट. पॅकिंगमधल्या एका पठ्ठ्यानं तर कुठल्याशा लांबच्या मामेसासऱ्यासाठी ऐन उन्हाळ्यात मुंडण करून घेतलं होतं. परत आला तो चांगला गुटगुटीत होऊन. शेठजींनी त्याच्या डोक्याकडे बघून भक्तिभावानं हात जोडले, आणि आम्ही बाकीचे कापडाच्या गठ्ठ्यांमागे तोंड लपवून हसलो.

मी गोदाम सांभाळतो. बाहेरगावाहून गाठी येतात, त्या उतरवून घ्यायच्या, फोडायच्या, माल तपासून रॅकवर लावायचा. माझे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामासाठी इथे रायपूरला आले, वडीलही रेल्वेतच खपले. माझा तिथे नंबर लागला नाही, म्हणून मी कापडात आलो. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही, श्राद्ध नाही, सुतक नाही. बाकी दुःखं सगळ्यांसारखीच आहेत.

आमच्या घरचा धम्म पुस्तकातून कमी आणि आईच्या तोंडून जास्त आला. वडील गेले तेव्हा आम्ही ज्या पाऱ्यात राहत होतो, त्या मोहल्ल्यात एकच नळ होता. दुसऱ्या दिवशी आई बादली घेऊन निघाली तर शेजारणींनी तिला वाटेतच थांबवलं. बाई, दहा दिवस तुम्ही नळाला हात लावू नका, आम्ही तुमचं पाणी भरून देतो, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आईनं डोळे पुसले आणि बादली नळाखाली ठेवली. "दुःख झालं मले," ती म्हणाली. "बाटली नाही मी." भरलेली बादली उचलून ती घरी आली. पुढे त्याच बायकांशी तिचं इतकं जमलं, की नळावर तिचा तास तास जाई आणि आमच्या चुलीवर भात करपे.

ती गेली तीसुद्धा तिच्या पद्धतीनं. सकाळी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणून सुनेला ऐकवलं, आणि ऊन खायला ओट्यावर जाऊन बसली. सून आणखी साखर घेऊन बाहेर गेली तोवर सगळं संपलं होतं. वय झालं होतं, हाल झाले नाहीत. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात कुठे खुपणारं काही नव्हतं.

दुपारी घाटावर शेठजी आले. गुडघे दुखतात म्हणून ते गादीवरून सहसा उठत नाहीत, पण आले, उन्हात उभे राहिले, आणि सगळं उरकल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तेरहवीं किस दिन पड़ेगी?"

आता बघा. मी नुसतं मान हलवून गप्प राहिलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण समोर आई जळत होती आणि माझ्या तोंडून तीच बोलली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "सेठजी, हमारे में तेरहवीं नहीं होती. सूतक भी नहीं मानते हम लोग."

शेठजींच्या चेहऱ्यावर आधी नवल उमटलं, मग सुटका झाल्यासारखं काहीतरी. देवउठनी एकादशी होऊन गेली होती, लगीनसराईचा माल वाटेत होता. "अच्छा? छूने-छाने का कुछ नहीं?"

"कुछ नहीं."

"फिर तो बढ़िया है," ते म्हणाले. "कल आराम कर लो. परसों सूरत का माल उतर रहा है, तुम आ जाना." आणि त्यांनी इतक्या प्रेमानं माझी पाठ थोपटली, की मी चक्क होकार देऊन बसलो.

घरी हे सांगितल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. "तुमी ना, स्मशानातबी भाषण दिलं असान," ती म्हणाली. "कोणी इचारलं होतं का तुमाले?"

"त्यांनीच विचारलं."

"मंग खरं काहून सांगतलं? काई बोलाचंच नाई नं!"

बायको नवा रायपूरला एका ऑफिसात आहे. सासू गेल्यावर तिलाही तिच्या किरकोळ रजेतूनच दिवस काढावे लागत होते, तेव्हा तिचा राग नुसता माझ्यावर नव्हता. रात्रीचं जेवण शेजाऱ्यांकडून आलं होतं, ते वाढता वाढता तिनं मला कायदाही वाढला. दुकानात काम करणाऱ्याला वर्षाची ठरलेली रजा मिळते, आजारपणाची असते, सणांची असते. माणूस मेल्याची म्हणून वेगळी रजा तिला तरी कुठल्या कलमात दिसली नव्हती. मोठ्या कंपन्या आपल्या मनानं देतात, बाकी ठिकाणी मालकाची मर्जी. मी आयुष्यभर हक्क, हक्क करत आलो, विहारातल्या बैठकांमध्ये त्यावर तावातावानं बोललो, आणि इथे हक्काच्या जागी एक भलंमोठं भोक निघालं. आमच्या दुकानात तेवढं भोक सुतकानं बुजवलेलं होतं, आणि ते सुतक मी भर घाटावर नाकारून आलो होतो.

मुलीनं मोबाइलवरून मान वर केली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते हिंदीतून. "पापा, कल फोन करके बोल दो ना कि सूतक है. कौन चेक करने आ रहा है?"

खरंच कोण बघणार होतं? एक शब्द बोलायचा आणि तेरवीपर्यंत घरी बसायचं. मामेसासऱ्याच्या नावानं मुंडण चालतं, तर सख्ख्या आईच्या नावानं एक खोटं काय जड होतं? पण मी आईच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं आणि जीभ उचलेना. या एका शब्दापायी ती बाई बादली घेऊन साऱ्या मोहल्ल्यासमोर उभी राहिली होती. तिच्यासाठी रजा मिळवायची, आणि तीही नेमका तोच शब्द उसना घेऊन? मला ते जमणारं नव्हतं. आणि रजा तर हवी होती. आईसाठी म्हणून मला माझे दिवस हवे होते, आणि ते कुणाच्या विटाळाच्या हिशेबात मोजून नको होते.

ठरलेल्या दिवशी मी दुकानात गेलो. मुनीमजी, म्हणजे आमचे जुने हिशेबनीस, मला बघून हळहळले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि डोळ्यांनीच रस्त्यापलीकडच्या न्हाव्याकडे खूण केली. "बाल ही तो हैं भाऊ. फिर आ जाएँगे." मी म्हणालो, माझे आहेत तेवढेच आहेत, गेले तर परत येतील याची खात्री नाही. ते हसले, मीही हसल्यासारखं केलं आणि गोदामात शिरलो.

गाठी उतरत होत्या. मी एकेक बघून घेत होतो, हमालांशी नेहमीसारखा बोलत होतो. माझ्या डोक्यावर केस होते, अंगात रोजचाच शर्ट होता, त्यामुळे कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. बीरगावचा एक जुना गिऱ्हाईक माल बघायला आत आला. तिथल्या कामगार वस्तीत त्याचं छोटं दुकान आहे. गड्याचा स्वभाव मोठा मायाळू. मला बघून म्हणाला, "भैया, अम्मा कैसी हैं? आँख का ऑपरेशन हो गया?"

ऑपरेशन झालं होतं. चांगलं झालं होतं. आई नव्या डोळ्यानं पार समोरच्या घरातलं कॅलेंडर वाचून दाखवायची. मी म्हणालो, "हो गया." तो म्हणाला, "चलो, अच्छा हुआ," आणि साड्यांचे रंग निवडू लागला.

तिथे माझं डोकं सटकलं. त्या बिचाऱ्यावर नाही, शेठजींवरही नाही, त्या 'हो गया'वर. माझी आई गेली होती आणि मी तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची बातमी देत गाठी फोडत होतो. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि तडक शेठजींच्या गादीपुढे जाऊन उभा राहिलो. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"सेठजी, मुझे छुट्टी चाहिए."

"तबीयत ख़राब है?"

"माँ मर गई है."

शेठजी गोंधळले. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "भाऊ, वो तो मैं ख़ुद आया था ना घाट पर. पर तुमने ही कहा, तुम लोगों में सूतक नहीं है."

"सूतक नहीं है, सेठजी," मी म्हणालो. "माँ थी."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. बोलून गेल्यावर दुकानात सगळ्यांदेखत मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, हातात गोदामाच्या किल्ल्या, आणि डोळ्यांतून धारा. घाटावर मी रडलो नव्हतो. मुनीमजींनी पाणी आणलं. बीरगावचा गिऱ्हाईक एव्हाना बाहेर आला होता. त्याला आता उलगडा झाला आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

शेठजींनी मला जवळ बसवून घेतलं. ते चांगलेच पेचात पडले होते. त्यांच्या जगात प्रत्येक नात्याच्या सुतकाचं माप ठरलेलं होतं आणि माझ्यासाठी त्यांच्याकडे मापच नव्हतं. "तो फिर तुम्हारे में करते क्या हैं?" त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

मी सांगितलं. विहारात कार्यक्रम करतो, भंतेजी येतात, त्रिसरण-पंचशील म्हणतो, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो, लोकांना जेवू घालतो.

"और शोक कितने दिन का?"

"उसका कोई नियम नहीं है, सेठजी. जिसका जितना."

"अरे बाप रे," शेठजी म्हणाले. "फिर तो तुम लौटोगे ही नहीं!"

आधी मुनीमजी हसले, मग मी, मग स्वतः शेठजी. आई गेल्यापासून मी पहिल्यांदा मोकळा हसलो, आणि हसता हसता पुन्हा रडलो. शेठजींनी चष्मा काढून पुसला. "ठीक है. तुम ही बोलो. कितने दिन?"

एवढा भांडायला आलेला मी, आणि हाच एक प्रश्न कधी कुणी मला विचारला नव्हता. किती दिवस? आईचे किती दिवस असतात? मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

"तो घर जाओ," ते म्हणाले. "गोदाम मुनीमजी देख लेंगे." मुनीमजींचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा झाला होता.

मी भर दुपारी घरी गेलो. पुढचे दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. मी फार काही केलं नाही. सकाळी आईसारखा ओट्यावर उन्हात बसलो. तिच्या नळावरच्या मैत्रिणी आता म्हाताऱ्या झाल्यात. त्या एकेक करून आल्या आणि तिच्या इतक्या खोड्या सांगत बसल्या, की बायकोला दोनदा चहा टाकावा लागला. आईनं एका मुकादमाला झाडू घेऊन पळवलं होतं, हे मला त्याच दिवसांत कळलं. दुपारी मी गाढ झोपलो. एका संध्याकाळी मी आणि बायको नुसते शेजारी शेजारी बसून मटार सोलत होतो आणि ती म्हणाली, "बुढीले मटार सोलता येत नव्हते, अर्धे खाऊनच टाकत होती." दोघंही हसलो. शांत वाटलं. रजेतलं दुःख असं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. कामावर असतो तर ते दुःख गाठींच्या मध्ये कुठेतरी दबून राहिलं असतं.

विहारातल्या कार्यक्रमाला शेठजी आले. बरोबर पागोट्याचं कापड घेऊन आले, कारण रिकाम्या हातानं यायचं त्यांच्या हातून होईना. पागोटं आमच्यात नसतं. ते कापड कुणाला द्यावं, कुठे ठेवावं, कुणालाच कळेना, आणि शेठजी ते छातीशी धरून शेवटच्या रांगेत अवघडून बसले. शेवटी बायकोनं पुढे होऊन ते त्यांच्या हातून घेतलं आणि आईच्या फोटोखालच्या टेबलावर अंथरलं. शेठजींचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी हात जोडले की तेही जोडत होते, फक्त दरवेळी थोडे मागे पडत होते. जेवताना त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

मग एका सकाळी मला गोदामाची आठवण आली. मुनीमजींनी ओल येणाऱ्या भिंतीला माल लावला असेल की काय, अशी काळजी वाटू लागली. बायको म्हणाली, "आता जा तुमी." मी गेलो. माल त्याच भिंतीला लावलेला होता. मी मुनीमजींवर खेकसलो, त्यांनी मला दुप्पट सुनावलं, आणि दिवस सुरू झाला.

शेठजींनी दुकानात कसला नियम केला नाही, कुठे पाटी लावली नाही. सुतक ते अजूनही पाळतात, सुतकाची रजाही पूर्वीसारखीच देतात. पण दुकानातल्या लोकांनी त्या दुपारी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं परत कुणाच्या कानातून काढता येत नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शेठजी मुलाकडे गेले होते आणि दुकान माझ्यावर आणि मुनीमजींवर होतं. साडीच्या काउंटरवर एक दीदी आहेत, अमरावतीकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. सकाळी भावाचा फोन आला, वडील गेले. त्या रडल्या नाहीत. गठ्ठ्याच्या घड्या नीट केल्या, काउंटर आवरलं, आणि माझ्याकडे येऊन पटकन म्हणाल्या, "भैया, मी तीन दिवसांत वापस येते. लग्न झालेल्या पोरीले बापाचं तीनच दिवस राहते नं सुतक."

त्यांना गाडी गाठायची घाई होती. तरी मी विचारलं, "सुतक राहू द्या, दीदी. तुम्हाला किती दिवस पाहिजेत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं कुणी विचारतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"बाप तर पूर्णच होता नं, भैया," त्या म्हणाल्या, आणि काउंटरला टेकून रडू लागल्या.

मी पाणी आणलं, स्टेशनवर जायला रिक्षा बोलावली. परत कधी येणार ते मी विचारलं नाही. त्यांचं साडीचं काउंटर त्या येईपर्यंत मीच सांभाळलं.